हरिणांचें कुरण आणि धानाची बांधी

आरमोरीकडील शेतकरी पौषाच्या कडाक्याच्या थंडींत पुष्कळदां रात्रीं घरीं निजत नाहीं. बांधीच्या कडेला चार लांकडें रोवून केलेल्या मचाणावर तो घोंगडी पांघरून बसतो, खालीं शेकोटी पेटती ठेवतो आणि मधून मधून पत्र्याचा रिकामा डबा बडवतो. याला तिकडे जागल म्हणतात. धान तर केव्हांच कापून झालेलें असतें. मग ही राखण कशाची, असा प्रश्न शहरांतील श्रोत्याच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. राखण असते ती लाखोळीची. आणि ज्यांच्यापासून ती राखावयाची त्यांत रानडुकरांच्या बरोबरीनें चितळांचाही समावेश होतो.

लाखोळी हें वाटाण्याच्या कुळांतील कडधान्य. धान कापणीस येण्याच्या थोडे दिवस आधीं, बांधींत ओल असतांनाच, तिचें बी उभ्या पिकांत फेंकतात. नांगरट नाहीं, खत नाहीं, पाण्याची पाळी नाहीं. धान निघून गेलें कीं मागें उरलेल्या ओलीवर लाखोळी आपली आपण वाढते. तिच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र जमिनीला मिळवून देतात, तो लाभ वेगळाच. पण याच सुमारास भोंवतालच्या जंगलांतील गवत वाळून पिंवळें पडलेलें असतें. अरण्याच्या कांठावर एकच हिरवा पट्टा उरतो आणि तो नेमका शेतकऱ्याच्या मालकीचा असतो. चितळांचा कळप तेथें उतरला तर त्यांत नवल तें काय?

गमतीची गोष्ट अशी कीं, झाडीपट्टींतील शेतकरी जें नकळत करतो तेंच अमेरिकेंतील जमीनमालक व शिकारी हेतुपुरस्सर करतात. तेथील पांढऱ्या शेपटीच्या हरिणांसाठीं ते जंगलालगतच्या मोकळ्या तुकड्यांत राय हें गव्हासारखें धान्य आणि क्लोव्हर हें त्रिदल पानांचें वैरणपीक एकत्र पेरतात. राय कडक थंडीला दाद देत नाहीं. इतर सर्व सुकलें तरी तिची पात कोंवळी राहते. क्लोव्हर हें द्विदल वर्गांतलें, प्रथिनांनीं समृद्ध आणि जमिनीला नत्र पुरविणारें. त्याच्या कांहीं जाती एकदां रुजल्या कीं कित्येक वर्षें टिकतात. आपल्याकडे गुरांना घालतात तें बरसीम याच क्लोव्हरचें भावंड होय. राय आणि क्लोव्हर, तसेंच धान आणि लाखोळी. एक तृण आणि एक द्विदल ही जोडी दोन्ही ठिकाणीं सारखीच आहे. फरक आहे तो हेतूचा. अमेरिकेंतील तुकडा हरिणाला बंदुकीच्या टप्प्यांत आणण्यासाठींही पेरला जातो. भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचा मार्ग बंद झालेला आहे. म्हणून येथें प्रश्न उलट्या बाजूनें मांडावा लागतो. हरिणाला जवळ कसें बोलवावें हा येथें प्रश्न नाहीं. तें अरण्याच्या पोटांतच सुखानें कसें राहील, हा आहे.

या प्रश्नाचें महत्त्व केवळ चार मण लाखोळीपुरतें नाहीं. चितळ आणि सांबर हें वाघाचें अन्न. एक वाघ आठवड्याला साधारण एक मोठें जनावर, म्हणजे वर्षाला सुमारें ५० जनावरें मारतो. भक्ष्य प्राण्यांच्या एकूण संख्येपैकीं दहावा हिस्सा दरवर्षीं खाल्ला गेला तर ती संख्या टिकून राहते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. या हिशेबानें एका वाघामागें सुमारें ५०० जनावरें रानांत असावीं लागतात. तीं रानांत नसलीं आणि शेताच्या कडेला असलीं, तर वाघही शेताच्या कडेलाच येणार. तेथें हरिण हातीं लागलें नाहीं तर गाय आहे, बकरी आहे आणि सरपणाला किंवा मोहफुलांना गेलेलें माणूसही आहे. २०२२ च्या ऑक्टोबरांत वडसा वनविभागांत एक वाघ पकडण्यांत आला. वडसा आणि आसपासच्या भागांतील १३ माणसांचे बळी त्याच्या नांवावर नोंदले गेले होते. आरमोरीचें रान याच वनविभागांत मोडतें. वाघ माणसावर कां उलटतो याला अनेक कारणें असतात. परंतु अरण्यांतील चाऱ्याचा प्रश्न आणि गांवांतील माणसाच्या जिवाचा प्रश्न हे एकमेकांपासून फार दूर नाहींत, एवढें यावरून ध्यानांत यावें.

मग अरण्यांत राय आणि क्लोव्हर पेरावें काय? हा उपाय वरवर सोपा वाटला तरी तो येथें लागूं पडणारा नाहीं. हीं दोन्ही थंड हवेचीं पिकें. गडचिरोलीकडे पाऊस मृगापासून हस्तापर्यंत भरपूर कोसळतो आणि नंतर जवळजवळ आठ महिने जमीन कोरडी राहते. वैशाखांत पारा ४५ अंशांना भिडतो. अशा जमिनींत परदेशी पीक टिकवावयाचें तर दरवर्षीं नांगर, बियाणें आणि पाणी हवें. आणि नांगर फिरला कीं देशी गवतांचीं जुनीं मुळें उपटलीं जातात. शिवाय एकाच लहान तुकड्यावर गर्दी झाली म्हणजे रोग पसरण्याचें भय वाढतें. तेव्हां अमेरिकेंतून उचलावयाचें तें बियाणें नव्हे, विचार उचलावा: जनावराला वर्षाच्या कोणत्या महिन्यांत कशाची वाण पडते तें ओळखावें आणि ती वाण त्या महिन्यांत भरून काढावी.

चितळ हें मुख्यतः गवत खाणारें जनावर. त्याला कोंवळें, आंखूड गवत आवडतें आणि धोका दिसतांच शिरावयाला जवळ झाडी हवी असते. म्हणून तें घनदाट रानापेक्षां कुरणाच्या कडेला अधिक रमतें. सांबर आणि भेकर पाला व फळें यांवर अधिक अवलंबून असतात. पावसाळ्यांत सर्वांची चंगळ असते. हिवाळ्याच्या उत्तरार्धांत गवत वाळतें, त्यांतील सत्त्व उतरतें. फाल्गुन-चैत्रांत मोहाचीं फुलें गळतात आणि कांहीं दिवस मेजवानी होते. त्यानंतर मृगापर्यंत जीं आठवडीं जातात तीं सर्वांत कठीण. शेतावरील धाडी आणि रानांतील उपासमार यांचें वेळापत्रक ताडून पाहिलें तर तें बहुतेक जुळतें.

ही वाण भरून काढणारीं गवतें विदर्भाच्या रानांत मूळचींच आहेत. मारवेल, पवन्या, शेडा आणि हरळी हीं त्यांतील प्रमुख होत. याउलट तिखाडी ही सुगंधी. तिचें रोशा तेल निघतें, पण जनावरें तिला सहसा तोंड लावीत नाहींत. कुसळी कोंवळी असतांना खाल्ली जाते, मात्र कुसळें धरल्यावर तीं तोंडांत रुततात. रायमुनिया, रानतुळस, तरोटा आणि गाजरगवत हीं तर मोकळ्या जागेचीं शत्रूच. बाहेरून कुरण हिरवेंगार दिसतें, आणि जवळ जावें तो त्यांत हरिणाच्या उपयोगाची एक काडीही नसते, असा अनुभव पुष्कळदां येतो.

कुरण तयार करण्याचें काम म्हणूनच पेरणीपासून सुरू होत नाहीं, तें निंदणीपासून होतें. तरोटा आणि रानतुळस हीं बी धरण्यापूर्वींच, म्हणजे भाद्रपद-आश्विनांत, मुळासकट उपटावीं लागतात; बी एकदां सांडलें कीं पुढील कित्येक वर्षांची बेगमी झालीच म्हणून समजावें. रायमुनिया वरवर तोडली तर दुप्पट जोमानें फुटते. तिची मुळी जमिनीखालीं दोन-तीन इंचांवर छाटून झुडूप उलटें टाकावें लागतें. पळस आणि ऐन यांचीं रोपें कुरणांत वाढूं लागलीं तर तींही काढावीं लागतात, नाहीं तर पंधरा-वीस वर्षांत कुरणाचें पुन्हां रान होतें. नंतर कार्तिक-मार्गशीर्षांत चांगल्या गवतांचें पिकलेलें बी हातानें गोळा करावें, आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर तें विरळ जागीं टाकावें किंवा गवताचीं ठोंबें लावावीं. तीं मूळ धरीपर्यंत एक-दोन पावसाळे त्या जागेंत चराई होऊं देऊं नये.

आगीविषयीं मात्र फार सावध राहिलें पाहिजे. मोहफुलें वेंचणें सोपें जावें किंवा तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून रान पेटविण्याची चाल या भागांत जुनी आहे. जळालेल्या जागीं कोंवळे अंकुर येतात हें खरें. पण दरवर्षीं आग लागत गेली तर नाजूक गवतें मागें पडतात आणि कुसळी, तिखाडी यांसारखीं राठ गवतें माजतात. म्हणून वनखातें १५ फेब्रुवारीपूर्वीं जाळरेषा काढून ठेवतें आणि पुढील चार महिने आगीवर नजर ठेवतें. कुरणांतील जुनें गवत पट्ट्यापट्ट्यांनीं कापलें तर आग न लावतांही कोंवळी पात मिळूं शकते.

पाण्याच्या बाबतींत झाडीपट्टी भाग्यवान आहे. पूर्वजांनीं बांधलेले मालगुजारी तलाव आणि बोड्या येथें जागोजाग आहेत. उन्हाळ्यांत तलावाचें पाणी आटत जातें तसतशी त्याच्या पोटांतील ओली जमीन उघडी पडते आणि तिच्यावर हिरवी पात उगवते. जंगलाच्या आंतील असा एक तलाव गाळ काढून राखला तर ऐन वैशाखांत तो पाणी आणि चारा दोन्ही देतो. यापरतें स्वस्त कुरण दुसरें कोणतें?

हें सर्व केवळ कल्पनेंतलें नाहीं. कान्हाच्या अरण्यांत बारशिंगे १९७० च्या सुमारास अवघे ६६ उरले होते. बारशिंगा गवताशिवाय दुसरें फारसें कांहीं खात नाहीं. तेथील कांहीं गांवें दुसरीकडे वसविण्यांत आलीं, त्यांच्या शेतांचीं कुरणें झालीं, गुरांची चराई व आग थांबली, आणि आज ही संख्या हजाराच्या घरांत गेली आहे. ताडोबा-अंधारी प्रकल्पांत २००७ मध्यें बोटेझरी आणि त्यानंतरच्या काळांत नवेगांव, जामणी या गांवांचें पुनर्वसन झालें. जेथें पूर्वीं धानाच्या बांध्या होत्या तेथें आतां चितळांचे आणि गव्यांचे कळप चरतांना दिसतात. प्रवाशाला तें दृश्य निसर्गदत्त वाटतें. पण त्यामागें एका गांवानें सोडलेलें घर आहे आणि निंदणी करणाऱ्या मजुरांचे कित्येक दिवस आहेत, हें विसरूं नये.

आरमोरीच्या रानाला मात्र हा मार्ग जसाच्या तसा मोकळा नाहीं. तें राष्ट्रीय उद्यान नव्हे. तेथें गांव, शेत आणि जंगल एकमेकांत गुंतलेलीं आहेत आणि तशींच राहणार आहेत. म्हणून कुरणाची जागा निवडणें हाच येथें सर्वांत महत्त्वाचा निर्णय ठरतो. गांवाच्या शिवेलगत कुरण केलें तर तें संकटाला आमंत्रण होय; हरिण शेताच्या आणखी जवळ येईल आणि त्याच्या मागोमाग वाघही. कुरण हवें तें आंत, पाण्याजवळ, शेतांपासून दूर. आणि एकच विस्तीर्ण असण्यापेक्षां लहान लहान, विखुरलेलें. गुरें तेथें जाणार नाहींत अशी व्यवस्था हवी. कारण चारा तर वांटला जातोच, पण लाळ्या-खुरकुतासारखे रोगही गुरांकडून रानांत जातात.

हा निर्णय कागदावर वनखात्याचा असला तरी पाळावयाचा आहे गांवानें. याच जिल्ह्यांतील धानोरा तालुक्यांत मेंढा (लेखा) या गांवाला २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतर जिल्ह्यांतील अनेक ग्रामसभांना असे हक्क मिळाले आहेत. बांबू केव्हां तोडावा, तेंदू कोणी विकावा हें ज्या सभेंत ठरतें, त्याच सभेंत कोणतें कुरण दोन वर्षें राखावयाचें, आग कोणी विझवावयाची आणि गवताचें बी कोणीं वेंचावयाचें हेंही ठरूं शकेल. बी वेंचण्याची मजुरी गांवांतील स्त्रियांच्या हातीं पडली तर त्या कुरणाला राखणदार वेगळा नेमावा लागणार नाहीं.

याही उपायाला मर्यादा आहेत. चांगलें कुरण झालें तरी लाखोळीची गोडी हरिणाच्या जिभेवरून एकाएकीं जाणार नाहीं. म्हणून नुकसानभरपाई वेळेवर मिळणें आणि कुंपण असणें यांची गरज राहीलच. आणि नुसतीं हरिणें वाढविणें हेंही ध्येय नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अंदमानांत चितळें नेऊन सोडण्यांत आलीं. तेथें त्यांना खाणारा वाघ नव्हता. तीं वाढत गेलीं आणि जंगलांतील कोंवळीं रोपेंच खाऊं लागलीं. त्यामुळें नवें रान उगवेना. गवत, हरिण आणि वाघ यांचा तोल तिघांमुळें राहतो. त्यांतील एकाचीच बाजू घेऊन चालत नाहीं.

पुण्या-मुंबईच्या घरांतून ताडोबाला जाणारें कुटुंब बहुधा वाघ पाहण्यासाठीं जातें, आणि तो दिसला नाहीं म्हणजे हिरमुसलें होऊन परततें. पुढील खेपेस त्यानें गाडी क्षणभर कुरणाशीं थांबवावी आणि पायाखालचें गवत कोणतें तें वाटाड्याला विचारावें. त्या गवताचें नांव त्याला सांगतां आलें तर तें अरण्य चांगल्या हातांत आहे असें समजावें. आणि आरमोरीकडच्या त्या मचाणावरील शेतकऱ्याला एखाद्या पौषांत जागल न करतां घरीं निजतां आलें, तर रानाच्या पोटांत कोठें तरी कुरण चांगलें धरलें आहे असें मानण्यास हरकत नाहीं.