क्रम आणि सहकार्य



हुबळी-धारवाड जलद बसमार्गाची लांबी सुमारे २२ किलोमीटर. त्यासाठी २०१२ साली स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. तथापि गाड्यांची चाचणी सुरू होण्यास ऑक्टोबर २०१८ उजाडला आणि लोकार्पण २ फेब्रुवारी २०२० रोजी झाले. अशा रुंदीकरणात जमीन संपादणे, विजेचे खांब व जलवाहिन्या हलविणे ही निरनिराळ्या खात्यांची कामे असतात. एकच खांब जागचा हलला नाही, तर गवंडी व यंत्रे खोळंबतात. मजुरी मात्र चढतच राहते. म्हणून उत्पादकता श्रमांइतकीच कामांच्या क्रमावर अवलंबून असते. देवालयाच्या जीर्णोद्धारातही पाथरवट, सुतार व खजिनदार यांनी आधी एकत्र बसून क्रम ठरवावा. मगच कुदळ मारावी.