विडी कुणाची, हवा कुणाची?

मंडळी, आषाढातली एस. टी. डोळ्यांपुढे आणा. मालवणहून कुडाळला निघालेली. बाहेर पाऊस कोसळतो आहे, म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या. अशात मागच्या बाकावरचा एखादा गडी विडी पेटवतो. हटकले तर म्हणतो, "माझी विडी, माझे पैसे, तुमका कित्याक त्रास?"

प्रश्न तसा खोटा नाही. आपल्या देहाचे काय करावे हे ज्याचे त्याने ठरवावे, हे मलाही पटते. पण विडी त्याची असली तरी गाडीतली हवा त्याच्या एकट्याची नव्हे. तान्हे मूल घेऊन पुढे बसलेली बाई उतरून कुठे जाणार? आणि कंडक्टर? त्याची तर भाकरीच त्या गाडीत!

नेमका हाच मुद्दा मुंबईचे मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने रुग्णालये, शाळा, वाचनालये, कचेऱ्या, आगगाड्या आणि सार्वजनिक वाहने येथे धूम्रपानास मनाई केली. आधार घेतला तो घटनेच्या एकविसाव्या कलमाचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा. शेजारच्या गोव्याचा कायदा तर १९९७ सालचा. त्यात थुंकणेही आले. (आपल्याकडे तो कितीजणांना पेलेल, देव जाणे!) पुढे २००३ साली देशाचा कायदा झाला, २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम आले. दंड दोनशे रुपयांपर्यंत.

एक गोष्ट मला खटकते. तीस खोल्यांच्या हॉटेलाला आणि विमानतळाला धूम्रपानाची वेगळी जागा ठेवण्याची मुभा नियमांत आहे; एस. टी. स्टँडवरच्या मजुराला ती नाही. दोनशे रुपये त्याला अधिक जड जातात. तरी हेही खरे, की त्याच्या घरात हा कायदा शिरत नाही. रापण ओढून दमलेला माणूस आपल्या माडाखाली विडी ओढत बसला, तर त्याला कोणी अडवत नाही. पडवीत मांडीवर नातू असेल, तर ते घरच्यांनीच बोलायचे.

गुरुजनहो, तुमचे काम यापेक्षा अवघड. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, अठरा वर्षांखालच्या मुलाला तर कुठेच नाही. पण वाडीत वही-पेन्सिलीचे दुकान तेच, विडीचेही तेच, आणि निम्म्या गावाची उधारी त्याच्याच वहीत. फौजदाराआधी मुख्याध्यापकांनीच दोन पालकांना बरोबर घेऊन त्याच्या दुकानात एकदा जाऊन यावे. बंडले काढली तर त्याचा गल्ला किती घटेल, हेही तिथेच विचारावे.