आकड्यांची रांग

शाळेतल्या मुलांच्या गुणांची यादी आपल्यापुढे आहे, असे समजा. प्रत्येक ओळीत पहिली ४० घरे नावासाठी, पुढची ३ घरे गुणांसाठी. नावे तूर्त इंग्रजी लिपीत आहेत. पहिल्या दहाजणांना शिष्यवृत्ती द्यायची आहे. युनिक्स संगणकाला ‘सॉर्ट’ म्हटले, की यादी क्रमाने लागते. पण ती बरोबर लागली का, हे आपणच पाहायचे. सॉर्ट चुकीबद्दल कुरकूर करीत नाही, आणि एखाद्या मुलाचा हक्क मात्र मुकाट्याने जातो!

ही घरांची पद्धत जुनी. आय.बी.एम. कंपनीने १९२८ साली ८० स्तंभांचे, भोके पाडायचे कार्ड काढले. कोणती माहिती कोणत्या स्तंभात, हे आधीच ठरलेले असे. युनिक्स जन्मले १९६९ साली, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत. तिथला सॉर्ट घरे मोजत नाही. मधे मोकळी जागा दिसली, की पुढे नवा रकाना मानतो. भांडणाचे मूळ इथे आहे.

पहिली गोष्ट, सॉर्ट आपण होऊन किंमत पाहत नाही, चिन्हे पाहतो. गुण डावीकडे चिकटवून लिहिले असतील, तर उतरत्या यादीत ९५ हे ४८० च्या वर बसतात. कारण ९ हा ४ पेक्षा मोठा! म्हणून आज्ञेत ‘एन’ हे अक्षर घालावे, म्हणजे तो संख्या म्हणून वाचतो. ‘आर’ जोडले, की मोठी संख्या वर.

दुसरी गोष्ट अधिक फसवी. ‘सदा पाटील’ या ओळीत गुण तिसऱ्या रकान्यात येतात. ‘सदा गणू पाटील’ या ओळीत तिसरा रकाना आहे ‘पाटील’! तिथे अंक नाही, म्हणून सॉर्ट शून्य धरतो. पोराला ५१० गुण असोत, तो तळाला जातो.

मग करावे काय? ‘टी’ या पर्यायापुढे यादीत कुठेच नसलेले चिन्ह द्यावे, उदाहरणार्थ ‘@’. आता सबंध ओळ हाच एक रकाना झाला. मग ‘के’ पुढे लिहावे: १.४१,१.४३. म्हणजे पहिल्या रकान्यातले ४१ वे ते ४३ वे घर. शेवटी एन आणि आर. अक्षरे आणि अंक अर्थातच इंग्रजी लिपीतले.

तरीही गडबड दिसली, तर ओळीत टॅब आहे का पाहा. पडद्यावर तो बरीच जागा अडवतो, मोजताना मात्र एकच घर. ‘एक्स्पँड’ ही आज्ञा त्याच्या मोकळ्या जागा करून देते.

आपल्यासाठी एक खास सूचना. नावे देवनागरीत असली, तर यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात; काना-मात्रेलासुद्धा. पुष्कळ सॉर्ट बाइटच मोजतात, तेव्हा ४१ वे घर नावाच्या मध्येच येते. अशा यादीत गुण ओळीच्या आरंभी ठेवावेत, आणि अंक इंग्रजी ठेवावेत. देवनागरी अंक ‘एन’ला संख्या वाटत नाहीत.

जीएनयूच्या सॉर्टमध्ये ‘डीबग’ हा पर्याय आहे. प्रत्येक ओळीचा कोणता भाग तुलनेला घेतला, त्याखाली तो रेघ ओढून दाखवतो. रेघ गुणांखाली आहे ना, एवढे पाहावे, आणि मगच यादी फळ्यावर लावावी.