विहिरीचे पाणी आणि औषधाचे माप

पावसाळ्याचा पहिला पूर ओसरला, की खेड्यातील विहिरीच्या काठावर एक दृश्य दिसते. कोणी एक जण पुडा घेऊन येतो, पांढरी भुकटी ओंजळीने पाण्यात फेकतो आणि ‘औषध टाकले’ असे सांगून निघून जातो. औषध पडले हे खरे. पण पाणी निर्जंतुक झाले काय? पटकी आणि विषमज्वर या दोन गोष्टींमधील अंतरातूनच घरात शिरतात.

डोळ्यांवर विसंबण्याची ही सवय जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आग्र्याचे जंतुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हँकिन यांनी पटकीच्या प्रतिबंधासाठी विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला. पाणी गुलाबी झाले, की औषध दिसत असे. पुढे त्याची जागा विरंजक चूर्णाने, म्हणजे ब्लीचिंग पावडरने घेतली. हिचा रंग पाण्यात दिसत नाही. म्हणून नजरेचे काम मोजमापाकडे सोपवावे लागते.

विहिरीचा व्यास 3 मीटर आणि पाण्याची खोली 4 मीटर असेल, तर तीत सुमारे 28,000 लिटर पाणी असते. ताज्या चूर्णात सुमारे 33 टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. त्या हिशेबाने 1,000 लिटरला 2.5 ग्रॅम, म्हणजे या विहिरीला 70 ग्रॅम चूर्ण साधारणपणे पुरते. मात्र पाणी गढूळ असेल, तर गाळ व कुजका पाला बराच क्लोरीन खाऊन टाकतात आणि मात्रा वाढवावी लागते. उघड्या, दमट जागी पडलेल्या चूर्णाचा जोरही ओसरतो. उलट, बेसुमार चूर्ण घातले तर उग्र वासामुळे लोक ओढ्याचे पाणी भरू लागतात आणि सारा खटाटोप व्यर्थ जातो.

चूर्ण कोरडे फेकू नये. नाकातोंडाला फडके बांधून ते बादलीत थोड्या पाण्यात कालवावे, मग पाणी वाढवून ढवळावे व दहा मिनिटे निवू द्यावे. तळाचा चुना टाकून वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्यावी, ती बादली दोराने पाण्याखाली सोडावी आणि वर-खाली, आडवी हलवावी.

त्यानंतर निदान एक तास कोणीही पाणी भरू नये. जंतू मरण्यास तो अवधी हवाच. तासाभराने साध्या चाचणीसंचाने पाणी तपासावे. लिटरमागे सुमारे 0.5 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक आढळला, तरच काम पुरे झाले असे समजावे. तो आढळला नाही, तर पुन्हा मात्रा द्यावी व पुन्हा तास मोजावा.

पहाटे घागर घेऊन येणाऱ्या बाईला पाण्यातले जंतू दिसत नाहीत आणि औषधही दिसत नाही. तिचा विश्वास असतो तो औषध घालणाऱ्या माणसावर. त्याने माप केले, वाट पाहिली आणि तपासले, तरच तो विश्वास सार्थ ठरतो.