जुना खेळ चालू ठेवताना



व्हिडिओ गेमची कॅसेट फुंकून लावणारी आपली पिढी. तारापूरच्या खाऱ्या हवेत ती यंत्रं गंजली. १९८५चा 'सुपर मारिओ' मात्र आज घरी रास्पबेरी पायवर चालतो. जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, म्हणजे एम्युलेटर, ते काम करतो.

पण एकदा बसवलं की झालं, असं नसतं. अपडेट करण्याआधी मेमरी कार्डाची पूर्ण प्रत काढा. एम्युलेटरची आवृत्ती बदलली की जुनी सेव्ह स्टेट कधीकधी उघडत नाही. गेमच्या आतलं सेव्ह जास्त टिकतं. लाइट अचानक गेली तर कार्ड बिघडू शकतं, म्हणून खेळ संपला की रीतसर बंद करा.

गेम पुन्हा मिळेल. आजोबांनी नातीबरोबर अर्ध्यावर सोडलेला डाव मात्र त्या एकाच फाइलीत असतो. तिची प्रत दुसरीकडेही ठेवा.