खेळणाऱ्याचे जेवण

(कोलशेत येथे कबड्डी खेळणारी मुले व त्यांचे पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



आम्ही जन्मभर शाळेत शिकवले. त्यात एक चूक केली. ती आज आधी सांगतो.

आमच्या शाळेत एक मुलगा होता. दोन फेऱ्या धावला की मटकन खाली बसे. आम्ही त्याला चारचौघांत आळशी म्हणालो. पुढे त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, हा आळस नव्हे. याच्या पोटात फळ नाही, भाजी नाही. 'क' जीवनसत्त्व कमी पडले आहे." मग रोज आवळा, लिंबू, पालेभाजी सुरू झाली. काही आठवड्यांत पोर मैदानात उतरले. मान आमची खाली गेली.

'क' जीवनसत्त्वाची कामे पुष्कळ. त्यांतले एक आज समजून घेऊ.

आपल्या खाडीवरची लोखंडी साखळी पाहा. हवा-पाण्याने ती गंजते. आपणही श्वासाबरोबर प्राणवायू घेतो. त्याने अंगातले अन्न जळते, ताकद मिळते. पण त्यातून काही तापट कणही निघतात. ते गंजासारखे शरीराला पोखरू पाहतात. कबड्डीत दम लागतो तेव्हा प्राणवायू कितीतरी जास्त लागतो. तापट कणही वाढतात.

शरीर त्यांच्यावर पहारा ठेवते. काही पहारेकरी ते स्वतः घडवते. रोजच्या व्यायामाने ते बळकट होतात. पण 'क' आणि 'ई' ही जीवनसत्त्वे अन्नातूनच यावी लागतात. 'ई' थकले की 'क' त्याला पुन्हा उभे करते. 'क' कमी पडले की पहारा ढिला होतो.

मग महागड्या गोळ्या आणाव्यात का? डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. २००९ साली जर्मनीत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. 'क' आणि 'ई' च्या भारी गोळ्या घेणाऱ्यांना व्यायामाचा एक महत्त्वाचा फायदा मिळालाच नाही, असे त्यात दिसले.

आपल्या कमला सोहोनी यांनी १९३९ साली केंब्रिजची डॉक्टर ही पदवी मिळवली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी ताज्या नीरेचा अभ्यास केला. नीरेत 'क' जीवनसत्त्व असते. कुपोषित आदिवासी मुलांना नीरा दिली, तेव्हा त्यांची प्रकृती सुधारली. औषध झाडावरच होते!

प्रौढ पुरुषाला रोज ८० मिलिग्रॅम 'क' लागते, बाईला ६५. एका चांगल्या पेरूत याहून जास्त असते. शेंगदाण्यात 'ई' मिळते. भाजी चिरून पाण्यात ठेवू नका, फार शिजवू नका. लिंबू वरून पिळा.

आणि आयाबायांनो, पोर दमले तर आधी त्याचे ताट पाहा. तरी थकवा राहिला तर डॉक्टरांकडे न्या. थकव्याला इतरही कारणे असतात. पण आळशी म्हणू नका. आम्ही म्हणालो होतो. ते अजून टोचते.