पुन्हा भेटण्याचं गाणं



गाण्याच्या तासाला मी मागच्या बाकावर, तरी आज एका गायिकेबद्दलच बोलते: वेरा लिन. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या त्या लाडक्या. त्यांच्या हळव्या गाण्यांनी सैनिकांचा जोर ओसरेल, अशी बीबीसीतल्या काही साहेबांना धास्ती! १९४४ मध्ये बाई थेट ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेल्या. तिथल्या फौजेला ‘विसरलेली सेना’ म्हणत. आपल्या मराठा पलटणीही त्याच सेनेत लढल्या. ते सैनिक बाईंना विसरले नाहीत, आणि बाईही त्यांना.

२००९ मध्ये, ९२ व्या वर्षी, त्यांच्या जुन्या गाण्यांचा संग्रह ब्रिटनमध्ये खपात पहिला आला. शंभरीला डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांवर त्यांची भव्य छबी झळकली. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे पाच वर्षांत सगळं जुनाट होतं, म्हणून मला याचं फार अप्रूप.

एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, राणी एलिझाबेथ यांनी भाषणाच्या शेवटी त्यांच्याच गाण्याची आठवण जागवत ‘पुन्हा भेटू’ म्हटलं. जूनमध्ये बाई गेल्या, १०३ वर्षांच्या होऊन. त्यानंतरच्या वर्षभरात आपल्या वर्गातले दोघं गेले. शेवटचं भेटणं राहूनच गेलं. त्यांच्या दोन खुर्च्या आज पहिल्या रांगेत ठेवल्या आहेत.